आमच्या ग्रुपवरचा चित्ता

गेल्या शनिवारी सकाळी माहेरच्या ग्रुपवर चुलतभावाचा मेसेज आला. "खालच्या मळ्यात चित्ता आला आहे. लहान मुलांना एकटं सोडू नये. पुढे पाठवा." सोबत दोन फोटो. एकात उसाच्या बांधावर बसलेलं अंधुक पिवळट जनावर, दुसऱ्यात चिखलातला पंजाचा ठसा.

भाकरी थापता थापता मी पिठाच्या बोटानेच लिहिलं, "दादा, तो बिबट्या आहे. आणि ठसा कुत्र्याचा आहे."

त्याचं उत्तर आलं, "तेच गं."

तव्यावरची भाकरी करपली, पण ते "तेच गं" काही डोक्यातून जाईना. सहावी-सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईला "तेच गं" म्हणणं म्हणजे काय असतं, हे शिक्षकांनाच कळेल. म्हणून हा लेख. दादा, तू वाचणार नाहीस, मला माहीत आहे. वहिनी, तू वाचून दाखव.

माझं माहेर ओतूर, तालुका जुन्नर. सासर कोल्हापूर. या दोन गावांचा इथे संबंध आहे. ओतूरच्या उसात बिबटे राहतात आणि कोल्हापुरात एके काळी चित्ते होते. तेही पाळलेले.

आधी आमच्या भाषेतला घोळ. ओतूरला म्हातारी माणसं बिबट्याला सरळ वाघच म्हणतात. "रात्री वाघ आलता, शेरडू नेलं." खरा, पट्ट्यांचा असेल तर तो ढाण्या वाघ. पेपरात बिबट, शाळेत बिबट्या, कोकणातल्या माझ्या मैत्रिणीकडे बिबळ्या, आणि मोबाइलवर चित्ता. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, हे खरंच. पण कोण आलंय हे कळल्याशिवाय काय करायचं हे कसं कळणार?

वर्गात मी हे बोटांनी शिकवते. पोस्टर कलरचा काळा रंग ताटलीत घ्यायचा. अंगठा बुडवून कागदावर एकेक सुटा ठिपका उठवायचा, भरीव. हा झाला चित्ता. आता पाचही बोटांची टोकं जवळ आणून एकदम टेकवायची. मध्ये रिकामी जागा राहते आणि भोवती तुटक कडं उमटतं. हा बिबट्या. तसंच आणखी एक कडं काढून त्याच्या पोटात करंगळीने एक बारीक टिंब दिलं की झाला जॅग्वार. गेल्या वर्षी एका मुलाने अख्खा पंजाच उमटवला आणि म्हणाला, "बाई, हा काँग्रेस." वर्ग तासभर आवरला नाही. पण त्या पोरांना आता बिबट्या आणि चित्ता यांतला फरक कोणी शिकवायला नको.

तोंडाकडे पाहिलं तरी चालतं. चित्त्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून ओठापर्यंत काळी रेघ उतरलेली असते, काजळ घालून रडल्यासारखी. बिबट्याला ती नसते. आणि पंजा. बिबट्या, वाघ, सिंह, आपलं घरातलं मांजर, ही सगळी नखं म्यानात ठेवून चालतात, त्यामुळे त्यांच्या ठशात नखं उमटत नाहीत. चित्त्याची नखं पूर्ण आत जात नाहीत, धावताना ती मातीत रुतावी लागतात, खेळाडूंच्या खिळ्यांच्या बुटांसारखी. दादाच्या फोटोत नखं होती, हे खरं. पण जुन्नर तालुक्यात चिखलात नखं उमटवत फिरणारे चित्ते नाहीत, कुत्री आहेत. आमच्या घरचाच मोत्या असेल.

शिवाय चित्ता उसात शिरून करेल काय? त्याचं सगळं भांडवल म्हणजे धाव. तीनेक सेकंदांत तो ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग घेतो, पण त्याला समोर मोकळं माळरान लागतं, आणि तीन-चारशे मीटरांत काम झालं नाही तर तो दम खात बसतो. उसात चित्ता म्हणजे माजघरात बुलेट चालवण्यासारखं. ऊस बिबट्यासाठी असतो. दबा धरायचा, दोन उड्यांत गाठायचं, नाही जमलं तर परत पानांत गुडूप.

एक मात्र दादाच्या बाजूनेही बोलायला हवं. चित्ता हे नाव ठिपक्यांवरूनच पडलंय, संस्कृत चित्रक पासून. इंग्रजी चीता आपल्याच देशातून गेला. तेव्हा ठिपके दिसले की चित्ता म्हणणारा दादा अगदीच वाऱ्यावर बोलत नाही. पण हे त्याला सांगू नका.

आता कोल्हापूर. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी भांडी लावता लावता सहज सांगितलं की त्यांच्या आज्जाने चित्ते पाहिले होते. आज्जा संस्थानच्या पागेत गवत पुरवायचा. मला वाटलं, यांचाही "तेच गं" प्रकार असणार. मी विचारलं, "बिबटे असतील हो आई."

"बिबट्या कसा आसंल? बिबट्या पाळतंय व्हय कोण?" त्या म्हणाल्या. "मी काय बघितलो न्हाई. पर आज्जा सांगायचा, चित्तेवानाच्या घरात बाजंवर बसल्यालं असायचं. गळ्यात पट्टा, डोळ्यावर टोपी. पोरं बाजूनं खेळायची."

"चावत नव्हता?"

"चावंल कशाला? रोज मटान मिळतंय त्येला."

पुढे वाचत गेले तेव्हा कळलं, बाई अक्षरशः खरं सांगत होत्या. कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळले जात आणि त्यांना माणसाळवणारे, शिकवणारे ते चित्तेवान. शिकार काळविटाची. चित्त्याला डोळ्यांवर टोपी घालून गाडीत बसवायचं आणि गाडी कळपाच्या जवळ न्यायची, कारण हरणं गाडीला बुजत नाहीत. मग टोपी काढायची. चित्त्याने काळवीट पाडून नरडं धरलं की चित्तेवान धावत जायचा, शिकारीचं रक्त लाकडी पळीत घेऊन त्याच्या तोंडापुढे धरायचा, आणि तो पळीला लागला की हळूच टोपी पुन्हा डोळ्यांवर. त्या पळीची मला फार गंमत वाटते. जगातलं सर्वांत वेगवान जनावर, आणि त्याला ताब्यात घेण्याचं हत्यार म्हणजे स्वयंपाकघरातली पळी.

या हौसेची किंमतही चित्त्यांनीच मोजली. अकबराच्या पदरी हजारभर चित्ते होते म्हणतात. पण बंदिवासात चित्त्यांची वीण होत नसे. जहांगीराच्या काळात एकदा पिल्लं झाली, ती नवल म्हणून त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवली. म्हणजे पाळलेला प्रत्येक चित्ता रानातून धरून आणलेला. त्यात माळरानं नांगराखाली गेली, काळविटं कमी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परिस्थिती अशी आली की कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी चित्ते चक्क आफ्रिकेतून मागवले. सासूबाईंच्या आज्जाने पाहिलेला, बाजेवर बसलेला तो चित्ता बहुधा आफ्रिकेतलाच असणार.

म्हणून १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाचे आठ चित्ते विमानाने आले आणि मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले, तेव्हा टीव्हीवर "पहिल्यांदाच" हा शब्द ऐकून सासूबाईंनी नाक मुरडलं. रानात सोडण्यासाठी पहिल्यांदाच, हे बरोबर. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं होतं. स्वतंत्र भारतात नामशेष झालेलं हे एकमेव मोठं सस्तन जनावर. आणि ज्याला आपण सत्तर वर्षं पाहिलं नाही, त्याचं नाव आपण रोज बिबट्याला लावतो.

आता पुस्तकातला प्रश्न. मोठी मांजरं म्हणजे नक्की कोण? मार्जार कुळात चाळीसेक जाती आहेत. त्यांतली पँथेरा या गटातली पाच: वाघ, सिंह, बिबट्या, जॅग्वार आणि हिमबिबट्या. काटेकोर माणसं इथे थांबतात. बाकीचे लोक चित्ता आणि प्यूमा यांनाही पंगतीला बसवतात, कोणी लाम चित्त्याला पाट मांडतं. मी सगळ्यांना वाढणाऱ्यांतली आहे.

पाचांपैकी चौघांना डरकाळी फोडता येते. त्यांच्या कंठातलं हाड पूर्ण कडक झालेलं नसतं आणि स्वरपट्ट्या जाड, चौकोनी असतात. हिमबिबट्याला मात्र डरकाळी येत नाही, तो नाकातून फुर्र फुर्र करतो. चित्ता आणि प्यूमा तर आपल्या मनीसारखे घुरघुरतात. एकदा चित्त्याच्या घुरघुरण्याचा व्हिडिओ वर्गात लावला तर पोरं म्हणाली, "बाई, हा तर शिलाई मशीन."

सिंहाचं मी थोडक्यात आटपते, कारण त्याचं कौतुक आधीच फार झालंय. महाराष्ट्रात सिंह नाही, पण सिंहगड आहे, नरसिंह आहे, सिंहासन आहे, गड आला पण सिंह गेला आहे. वनराज म्हणतात, आणि राहतो गवताळ माळावर आणि झुडपांत. आफ्रिकेबाहेर सिंह उरलाय तो फक्त गुजरातेत, गीर आणि आसपास. २०२५ च्या गणनेत ८९१. कळपाने राहणारं हे एकच मोठं मांजर. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत आपला राष्ट्रीय प्राणीही सिंहच होता, मग ते पद वाघाला मिळालं. मला विचाराल तर योग्य झालं.

कारण वाघ मी पाहिलाय. ताडोबात, मे महिन्यात, सकाळी साडेसहाला. जिप्सीत आम्ही सहा जण. वाघीण रस्ता ओलांडून गेली, आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मागून दिसले तिचे कान, आणि प्रत्येक कानाच्या पाठीवर एक पांढराशुभ्र ठिपका. पिल्लांना मागे मागे येताना आईचा माग राहावा म्हणून असावेत असं एक मत आहे. वाघाचे पट्टे तर ज्याचे त्याचे वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. म्हणूनच कॅमेऱ्यातल्या फोटोंवरून मोजणी होऊ शकते. २०२२ च्या मोजणीत देशात साधारण ३,६८२ वाघ, त्यांतले ४४४ महाराष्ट्रात. १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ अभयारण्यांत आपलं मेळघाट होतं. बालीचा वाघ, जावाचा वाघ, कॅस्पियन समुद्राकाठचा वाघ, हे तिघे मात्र विसाव्या शतकात संपले. ओतूरकडे वाघाचं जंगल नाही, तरी आमच्या वर्गात वाघमारे होते, वाघ होते, वाघचौरे होते.

हिमबिबट्याची शेपटी जवळजवळ मीटरभर लांब आणि गुबगुबीत असते. कड्यावर तोल सांभाळायला उपयोगी, आणि झोपताना तीच मफलरसारखी तोंडावर. भारतात ७१८, त्यांतले ४७७ लडाखमध्ये. लाम चित्ता ईशान्येकडे, झाडावरून डोकं खाली करून उतरणारा. त्याच्याही नावात चित्ता घुसलाच. जॅग्वार मराठी माणसाला गाडी म्हणून ठाऊक, २००८ साली टाटांनी ती कंपनी घेतली तेव्हापासून तर घरचीच. जनावर दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं, बिबट्यापेक्षा आडवं आणि थोराड, पाण्याला न भिणारं. बाकीची मोठी मांजरं नरडं धरतात, हा मगरीच्या जातीच्या केमनची कवटी फोडतो. आणि काळा बिबट्या ही वेगळी जात नव्हे. रंगद्रव्य जास्त झालेला तो बिबट्याच, उन्हात नीट पाहिलं तर काळ्यावर काळी कडी दिसतात.

आता बिबट्याकडे येते, कारण जीव तिथे आहे.

ओतूरला पूर्वी बाजरी, मठ, हुलगा. पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी आलं, खाली येडगाव, वडज, माणिकडोह ही धरणं झाली आणि तालुका हिरवा झाला. ऊस आला. ऊस म्हणजे वर्षभर हलत नाही असं डोक्याइतकं उंच रान, शेजारी पाण्याचा पाट, वस्तीवर कोंबड्या, शेळ्या, आणि मुख्य म्हणजे कुत्री. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय यांनी बरीच वर्षं अभ्यास केला, तेव्हा बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा सगळ्यांत मोठा निघाला. त्यांनीच २००९ मध्ये, आमच्याच रस्त्यावर पुढे टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेल्या एका नर बिबट्याला, तो कुठे जातो ते कळावं म्हणून, जीपीएसचा पट्टा घातला. आजोबा नाव ठेवलं. त्याला माळशेज घाटात सोडलं तर गडी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन पोहोचला. २०११ मध्ये तो गाडीखाली गेला.

माझी मामेबहीण लॉस एंजेलिसला असते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "अगं, आमच्याकडेही होता की एक." प्यूमा. कॅनडापासून चिलीच्या टोकापर्यंत पसरलेलं एकरंगी जनावर, इंग्रजीत त्याला चाळीसेक नावं. आपल्या नावांच्या घोळाचं मला एकदम काहीच वाटेनासं झालं. त्या प्यूमाला शास्त्रज्ञांनी पी-२२ असा नंबर दिला होता. दोन महाकाय हायवे ओलांडून तो शहराच्या मधल्या ग्रिफिथ पार्कात आला आणि दहाएक वर्षं तिथेच राहिला, एकटा. डिसेंबर २०२२ मध्ये, आजारी आणि जखमी अवस्थेत, डॉक्टरांनी त्याला कायमचं झोपवलं. आता तिकडे एका दहा पदरी हायवेवरून जनावरांसाठी पूल बांधतायत. मोठी मांजरं पोटात घेऊन बसलेली महानगरं जगात दोनच म्हणतात, त्यांची ती आणि आपली मुंबई. त्यांनी नंबर दिला, आपण आजोबा म्हटलं, हे मात्र मी बहिणीला ऐकवलंच.

आणि बिबट्याची पिल्लं. काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मी ओतूरला राहिले होते. आमच्या शेजारच्या मळ्यात ऊसतोड चालू होती. सकाळी नऊच्या सुमाराला एकदम कोयते थांबले. तोडणारी एक बाई फडातून मागे मागे येत होती, पाचटाकडे बोट दाखवत. तीन पिल्लं होती. मांजराच्या पिल्लांपेक्षा थोडी मोठी, रंग धुरकट, ठिपके अजून नीट सुटे झालेले नाहीत. डोळे उघडलेले, पण निळसर, कुठेच न बघणारे. एक पिल्लू आम्हा पंधरा-वीस माणसांवर फिस्कारत होतं. त्याचं तोंड सुपारीएवढं उघडायचं.

वनखात्याची माणसं माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातल्या डॉक्टरांना घेऊन आली. हातमोजे घातले, पिल्लं तपासली, गोचिड्या काढल्या. मग विचारलं, "क्रेट आहे का टोमॅटोचं?" नारायणगावच्या बाजारामुळे आमच्याकडे घरात माणसं कमी आणि क्रेट जास्त. संध्याकाळी पिल्लं क्रेटमध्ये ठेवून ते बरोबर त्याच जागी नेलं, समोर कॅमेरा लावला, आणि सगळ्यांना घरात बसवलं. आई आठच्या आत येऊन गेली. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर पाहिलं: ती आधी क्रेटभोवती फिरते, पंजाने ते आडवं करते, एकाला मानेला धरून उसात नेते. परत येते. दुसरं नेते. तिसऱ्यासाठी बराच वेळ येत नाही. आमची आई चुलीपाशी बसून पाहत होती, म्हणाली, "येईल. हिशेब असतो बाईला." आली.

ऊस त्या वर्षी तुटला, पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहिला. बिबट्याच्या तोंडी माणसं गेलीत तालुक्यात, लेकरं गेलीत. ते मी विसरलेले नाही, आणि पिंजरा लावा म्हणणाऱ्या माणसाला मी कोल्हापुरात बसून शहाणपण शिकवणार नाही. माझं म्हणणं एवढंच, त्याला त्याच्या नावाने हाक मारा.

हे लिहीत होते तेवढ्यात, रात्री पावणेदहाला, दादाचा आवाजी मेसेज आला. आधी रातकिडे, मग मोटारीची घरघर, आणि मग लांबून कोणी लाकडावर करवत चालवावी तसा आवाज. खर्रर्र-ह, खर्रर्र-ह, सात-आठ वेळा. खाली दादाने लिहिलं होतं, "हा कोण ते सांग, बाई."

ही त्याची हाक. डरकाळी म्हणायची ती बिबट्याची अशी असते.

मी लिहिलं, "मोत्याला आत घे."